आईच्या पॅन्क्रियाजमध्ये पाण्याची गाठ निघालीय, कापायची की थांबायचं?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५८ वर्षांच्या, गुहागर तालुक्यात गावी राहतात, दारू-तंबाखू काही नाही. जेवल्यावर पोट जड वाटतं म्हणून चिपळूणला सोनोग्राफी केली, त्यात पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) शेपटीकडे पाण्याची गाठ दिसली, मग सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टात आलं की ३.२ सेंटीमीटरची सिस्ट आहे, आत पातळ पडदे आहेत, म्यूसिनस (आत चिकट द्रव असलेली) की सिरस (आत पातळ पाणी असलेली) ते नक्की सांगता येत नाही, एंडोसोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करून घ्यावी. सर्जन म्हणाले काढून टाका, फिजिशियन म्हणाले सहा महिने थांबा, मुंबईचे मामा म्हणतात आधी सुई घालून बायोप्सी करा, आणि शेजारच्या काकू म्हणतात सुई लागली की कॅन्सर पसरतो. यातलं खरं कोणाचं, आणि न कापता कॅन्सर आहे की नाही हे डॉक्टरांना कळतं तरी कसं, असं ताईंनी विचारलंय.

ताई, मी पोटविकाराचा डॉक्टर आहे, सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करतो, आणि हल्ली असा रिपोर्ट घेऊन येणारे पेशंट बरेच वाढलेत. रोग वाढलाय म्हणून नव्हे, सीटी आणि एमआरआय वाढलेत म्हणून. मुतखड्यासाठी, कमरेसाठी, अपघातानंतर स्कॅन होतो आणि पॅन्क्रियाजमध्ये काहीतरी दिसतं. दुसऱ्याच कारणासाठी सीटी केलेल्या शंभर माणसांत साधारण दोन-तीन जणांना अशी सिस्ट निघते, एमआरआयमध्ये तर त्याहून बरीच जास्त, आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. सत्तरीच्या माणसात सेंटीमीटरभराची सिस्ट दिसणं ही फार नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पण पॅन्क्रियाज हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते कारण पॅन्क्रियाजचा कॅन्सर म्हणजे सहा महिन्यांत खेळ खलास असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. तो जो नेहमीचा भयंकर कॅन्सर आहे ना तो बहुतेक वेळा घट्ट, भरीव गाठ असतो. पाण्याने भरलेली सिस्ट हे वेगळं प्रकरण आहे, त्यातल्या काही सिस्ट आयुष्यभर काहीच करत नाहीत, काहींना पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि काही तर ट्यूमरच नसतात. म्हणून पहिला प्रश्न ही सिस्ट कोणत्या जातीची हा, आणि दुसरा, तिच्यात आत्ता धोक्याचं काही लक्षण दिसतंय का हा. तुमच्या घरात या दोन्हीच्या आधीच कापायचं की नाही यावर भांडण सुरू झालंय.

आता जात कशी ओळखायची. लोकांना वाटतं मोठ्या मशीनने ओळखतात, पण निम्मं काम पेशंटशी बोलूनच होतं.

सगळ्यात आधी मी एक गोष्ट खोदून खोदून विचारतो, पूर्वी कधी पोटात असह्य दुखून, पाठीत कळ जाऊन ॲडमिट व्हायला लागलेलं का? कारण पॅन्क्रियाजला सूज येऊन गेली की आजूबाजूला पाणी साठतं आणि चारेक आठवड्यांनी त्याला पक्की भिंत येते, त्याला स्यूडोसिस्ट म्हणतात. तिला आतून पेशींचं अस्तर नसतं, म्हणजे तो ट्यूमर नाहीच, पण स्कॅनवर सिस्टच दिसते. वेंगुर्ल्याकडचे एक गृहस्थ असेच आलेले, रिपोर्टात सिस्टिक ट्यूमरची शक्यता लिहिलेली, घरच्यांनी मुंबईला ऑपरेशनसाठी पैशाची जमवाजमव सुरू केलेली. मी विचारलं पूर्वी पोट दुखून ॲडमिट होतात का, ते म्हणाले नाय. बाजूला बसलेली बायको म्हणाली, "शिमग्यात दोन राती सलायन लावलेला मा, गॅस झालो म्हणान." तो कागद तिने मतदान कार्ड-रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिला आणि त्यावर अमायलेज, म्हणजे पॅन्क्रियाजला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजाराच्या वर लिहिलेलं होतं. दारूचा इतिहास होताच. त्या आजाराच्या आधी दुसऱ्याच कारणासाठी केलेली एक जुनी सोनोग्राफी होती, तिच्यात पॅन्क्रियाज स्वच्छ होतं. म्हणजे सूज आधी आणि सिस्ट नंतर, चित्र स्पष्ट झालं. त्यांना दारू सोडायला लावली, काही महिन्यांनी परत स्कॅन केला तर सिस्ट आकसून जवळजवळ गेलेली. एका कागदाने एवढा फरक पडला, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की जुनी डिस्चार्ज कार्डं, जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका.

पण इथे उलटी गफलतही होते आणि ती जास्त महागात पडते. दारू नाही, पित्ताचे खडे नाहीत, पोटाला मार लागलेला नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले नाहीत, सूज येऊन गेल्याचा काहीच पुरावा नाही आणि तरी रिपोर्टवर स्यूडोसिस्ट लिहून पेशंटला घरी पाठवतात. माझं सरळ मत आहे, सूज आल्याचा इतिहास नसेल तर स्यूडोसिस्ट हे निदान करायचंच नाही, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो सिस्टिक ट्यूमर समजूनच तपास करायचा. तुमच्या आईच्या बाबतीत तुम्ही जे लिहिलंय त्यावरून स्यूडोसिस्टची शक्यता कमी वाटते, फक्त पित्ताशयात खडे आहेत का हे सोनोग्राफीच्या रिपोर्टात बघा आणि नारळाच्या झाडाखाली, विहिरीवर, गाडीवरून असं कधी जोरात पडल्यात का तेही विचारा, बायका हे सांगत नाहीत. अजून एक, आपल्या देशात टीबी पण पॅन्क्रियाजमध्ये सिस्टसारखा दिसू शकतो, ताप, वजन घटणं, आजूबाजूला गाठी असं असेल तर तो विचार डोक्यात ठेवावा लागतो.

मग वय, बाई की पुरुष, आणि पॅन्क्रियाजच्या कोणत्या भागात. खऱ्या सिस्टिक ट्यूमरच्या चार मुख्य जाती आहेत आणि प्रत्येकीचं माणूस निवडण्याचं आपलं गणित आहे.

सिरस सिस्टॲडेनोमा. बहुतेक वेळा साठीच्या आसपासच्या बायकांत. आत पातळ पाणी. हा जवळजवळ कायम साधाच असतो, कॅन्सर होणं इतकं दुर्मिळ की खात्री पटली आणि त्रास नसेल तर हात लावायचा नाही. स्कॅनवर हा मधाच्या पोळ्यासारखा दिसतो, खूप बारीक बारीक घरं आणि काही जणांत मधोमध चट्टा, त्यात कॅल्शियम. असं चित्र दिसलं की निदान झालं, सुई नको काही नको. अडचण कुठे येते, याचाच एक प्रकार असतो ज्यात बारीक घरं नसतात, दोन-चार मोठीच असतात, आणि तो पुढच्या जातीसारखा हुबेहूब दिसतो.

ती पुढची जात म्हणजे म्यूसिनस सिस्टिक निओप्लाझम, एमसीएन. ही जवळजवळ फक्त बायकांनाच होते, साधारण चाळीस ते साठ वयात, आणि बहुतेक वेळा पॅन्क्रियाजच्या मधल्या भागात नाहीतर शेपटीत. हिच्या भिंतीत सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशयासारखा टिश्यू दिसतो, म्हणून बायकांनाच. आत चिकट म्यूसिन, पॅन्क्रियाजच्या मुख्य नळीशी संबंध सहसा नसतो, बाहेरून गुळगुळीत एकच गोळा आणि आत पडदे. हिला कॅन्सर होऊ शकतो. या दोन जाती वेगळ्या आहेत हेसुद्धा १९७८ मध्ये कोम्पॅग्नो आणि ओर्टेल या पॅथॉलॉजिस्टनी नीट मांडलं, त्याआधी सगळ्याच सिस्टना एका पोत्यात घालायचे. आता ताई बघा, ५८ वर्षांची बाई, शेपटीकडे, ३.२ सेंटीमीटर, आत पडदे. तुमच्या रेडिओलॉजिस्टनी म्यूसिनस की सिरस असं का लिहिलं ते कळलं ना? त्यांनी टाळाटाळ केलेली नाही, प्रामाणिकपणे लिहिलंय.

तिसरी आयपीएमएन. ही पुरुष-बाई दोघांना, साठी-सत्तरीत जास्त, आणि हिची खूण म्हणजे नळीशी जोडलेली असते कारण नळीच्या आतल्या अस्तरातूनच उगवते आणि म्यूसिन नळीत सोडते. १९८२ मध्ये जपानच्या ओहाशी आणि सहकाऱ्यांनी असे पेशंट पहिल्यांदा नीट वर्णन केले, एंडोस्कोपीत नळीचं तोंड म्यूसिनने सताड उघडं राहिलेलं दिसतं. मुख्य नळीत असेल तर कॅन्सरचा धोका बराच जास्त, फक्त फांदीत असेल तर कमी. फांदीतल्या बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात, म्हणजे एक इथे एक तिथे. हीच सगळ्यात जास्त योगायोगाने सापडते.

चौथी, एसपीएन, सॉलिड स्यूडोपॅपिलरी. तरुण मुलींची, विशी-तिशीतल्या. अर्धी भरीव अर्धी पाणी-रक्ताने भरलेली, बाहेर जाड कवच. मालवणकडची एक मुलगी, स्कूटरवरून पडली म्हणून स्कॅन केला आणि पोटात मोठी गाठ निघाली, मार लागून रक्त साठलंय असंच सगळे धरून चालले होते पण कडेचा भरीव भाग कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेत होता, साठलेलं रक्त कॉन्ट्रास्ट घेत नाही. ही जात काढावी लागते पण काढल्यावर बहुसंख्य मुली पूर्ण बऱ्या होतात, लग्न-मुलंबाळं सगळं होतं, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावं कारण ट्यूमर ऐकून मुलीचं आयुष्य संपलं असं धरून बसतात. याशिवाय न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरही कधी पाणी धरतो, त्याची कडा कॉन्ट्रास्टमध्ये पहिल्या फेजला चमकते. इतकं पुरे त्याबद्दल.

आता स्कॅन. सोनोग्राफीवर या बाबतीत भरवसा ठेवू नका. पॅन्क्रियाज जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, पोटात गॅस असला की शेपटी दिसतच नाही, आणि एका सोनोग्राफीत २.८ आणि दुसरीत ३.४ आलं म्हणजे वाढली असं नाही, माप घेण्याची जागा बदलली असेल. सीटीसुद्धा साधा पोटाचा वेगळा आणि पॅन्क्रियाजसाठी केलेला वेगळा. पॅन्क्रियाजसाठी पातळ काप घ्यावे लागतात आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर दोन वेगळ्या वेळी फोटो, एकदा पॅन्क्रियाज उजळतं तेव्हा आणि एकदा यकृताच्या शिरा भरतात तेव्हा. साध्या सीटीत जाड काप असतील तर आतले बारीक पडदे, भिंतीवरची छोटी गाठ दिसायची नाही. सीटीचा एक फायदा नक्की, कॅल्शियम दिसतं. मधोमध कॅल्शियम असेल तर सिरसकडे झुकायचं, कडेने अंड्याच्या कवचासारखं पातळ असेल तर म्यूसिनस आणि तेही जरा काळजीचं.

पण तुमच्या आईला आता जी तपासणी हवी ती एमआरआय विथ एमआरसीपी (म्हणजे पॅन्क्रियाज आणि पित्ताच्या नळ्या दाखवणारा एमआरआय), कॉन्ट्रास्टसकट. एमआरआयमध्ये पाणी पांढरं शुभ्र चमकतं म्हणून सिस्टच्या आतलं सगळं कळतं, आणि मुख्य म्हणजे सिस्टमधून नळीकडे जाणारा बारीक रस्ता आहे का ते दिसतं. तो रस्ता दिसला की आयपीएमएन, नाही दिसला तर एमसीएन किंवा सिरस. ही एक गोष्ट कळली की तुमच्या घरातलं निम्मं भांडण मिटेल. थेट एंडोसोनोग्राफीला पळण्याआधी हे करा असं मी म्हणेन, कारण एंडोसोनोग्राफीसाठी आपल्याकडच्या पेशंटला कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठावी लागते, एक दिवस प्रवासात, एक तपासणीत, सोबत माणूस, आणि एमआरआयमध्येच उत्तर मिळालं तर सुईची गरजच उरत नाही. एमआरआयला जाताना चार-पाच तास उपाशी, पाणी पण नको, सकाळची पेज घेऊन गेलात तर जठर-आतड्यातलं पाणीच चमकत बसेल. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, काही असेल तर आधी सांगायचं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून न्यायचं.

रिपोर्ट आला की शेवटच्या ओळीवर उडी मारू नका. त्यात काय शोधायचं ते सांगतो, धोक्याची लक्षणं. या विषयावर जगभरच्या डॉक्टरांनी मिळून मार्गदर्शक नियम केलेत, २००६ ला सेंडाई, २०१२ ला फुकुओका, २०१७ ला त्यात सुधारणा आणि आता क्योटोचे, हे मुख्यतः आयपीएमएनसाठी आहेत पण बघायच्या गोष्टी इतरांनाही लागू पडतात. मोठा धोका कशाला म्हणतात, पॅन्क्रियाजच्या डोक्यातल्या सिस्टमुळे कावीळ झाली असेल, सिस्टच्या भिंतीवर ५ मिलिमीटर किंवा मोठी, कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ असेल, मुख्य नळी १० मिलिमीटर किंवा जास्त फुगली असेल, किंवा पेशींच्या तपासणीत कॅन्सरचा संशय आला असेल. यातलं एक जरी असलं आणि माणूस ऑपरेशन सहन करण्याजोगा असला तर बोलणं ऑपरेशनचंच. त्याखालची पायरी म्हणजे चिंतेची लक्षणं, सिस्ट ३ सेंटीमीटर किंवा मोठी, भिंत जाड, भिंतीवरची गाठ ५ मिलिमीटरपेक्षा छोटी, नळी ५ ते ९ मिलिमीटर, नळी एका ठिकाणी अचानक बारीक होऊन पुढचं पॅन्क्रियाज सुकलेलं, आजूबाजूला लिम्फ नोड सुजलेले, सीए १९-९ (कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) वाढलेलं, सिस्टमुळे पॅन्क्रियाजला सूज, वर्षाला २.५ मिलिमीटर किंवा जास्त वेगाने वाढ, आणि गेल्या वर्षभरात नव्याने लागलेली किंवा एकदम हाताबाहेर गेलेली शुगर. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे हमखास सुटते कारण शुगर घरोघरी आहे, पण सिस्ट आहे आणि वर्षात शुगर नव्याने आली तर ती वेगळी मोजायची. तुमच्या आईची साइज ३ च्या वर आहे म्हणजे एक चिंतेचं लक्षण आहे, त्यावरून कॅन्सर ठरत नाही, पुढचा तपास करायचा एवढं ठरतं.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. सीए १९-९ नॉर्मल आला म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि थोडा वाढला म्हणून रडायचं नाही. कावीळ असेल, पित्तनलिकेत खडा असेल तरी तो वाढतो, आणि काही लोकांच्या रक्तात तो जन्मतःच तयार होत नाही, त्यांना कॅन्सर असला तरी शून्यच येणार. सीईए हे असंच एक प्रोटीन, पण रक्तातला सीईए आणि सिस्टच्या पाण्यातला सीईए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लॅबवाल्याने रक्तातला करून दिला तर त्याने सिस्टची जात कळत नाही.

आता सुई, ज्यावरून मामा आणि काकू भांडतायत.

एंडोसोनोग्राफी म्हणजे एंडोस्कोपच्या टोकाला छोटी सोनोग्राफी बसवलेली, तोंडातून जठरात जाते, आणि पॅन्क्रियाज जठराला अगदी लागून असल्यामुळे इतकं जवळून दिसतं की भिंतीवरची दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा दिसते. ती गाठ खरी आहे की म्यूसिनचा गोळा चिकटलाय हेही बघता येतं, कॉन्ट्रास्ट घेतला तर खरी, किंवा पेशंटला कुशीवर वळवलं आणि गोळा सरकला तर म्यूसिन. मग गरज असेल तर जठराच्या भिंतीतून बारीक सुई घालून पाणी ओढून घेतात, आधी अँटिबायोटिक देऊन. पाणी बाहेर आलं की पहिल्यांदा आम्ही नुसतं बघतो, स्वच्छ पातळ आहे, रक्ताळलेलं तपकिरी आहे की घट्ट. एक थेंब ग्लोव्ह घातलेल्या अंगठ्यावर घेऊन तर्जनी टेकवायची आणि बोटं हळूच लांब करायची, म्यूसिन असेल तर तार निघते, सेंटीमीटरभर लांब होऊन सेकंदभर टिकली तर म्यूसिनसची शक्यता दाट. या गोष्टीला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही, आणि मी अजून प्रत्येक रिपोर्टात ही तार लिहिलीय का ते शोधतो.

मग लॅब. पाण्यात अमायलेज २५० च्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळजवळ बाद. सीईए ५ च्या खाली असेल तर सिरस किंवा स्यूडोसिस्टकडे कल, आणि २००४ च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १९२ नॅनोग्रॅम ही रेघ ठरली, त्यावर असेल तर म्यूसिनस. पण त्याच अभ्यासात या रेघेची अचूकता साधारण ७९ टक्के होती, म्हणजे पाचात एक चुकणार, आणि १९२ च्या खाली आलं म्हणून म्यूसिनस नाहीच असं म्हणता येत नाही. शिवाय सीईए कितीही चढला तरी तो म्यूसिन आहे एवढंच सांगतो, कॅन्सर झालाय हे सांगत नाही, हे वाक्य मी पेशंटच्या फाईलवर लिहून देतो कारण ५००० आकडा बघून लोकांची झोप उडते. अलीकडे पाण्यातली साखर बघायला लागलेत, ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर म्यूसिनसकडे, ही तपासणी स्वस्त, थोड्याशा पाण्यात होते आणि आपल्यासारख्या ठिकाणी फार कामाची आहे, फक्त स्यूडोसिस्टमध्येही साखर कमी येऊ शकते म्हणून एकटी वाचायची नाही. केआरएएस आणि जीएनएएस या जीन्सची तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते, जीएनएएस सापडला तर आयपीएमएनच्या बाजूने मोठा पुरावा. पेशींची तपासणी पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवायचा, निगेटिव्ह आली तर मात्र फारसा नाही, कारण पाण्यात पेशीच फार थोड्या सापडतात. मामांना हे सांगा, सिस्टची बायोप्सी म्हणजे स्तनाच्या गाठीच्या बायोप्सीसारखं हो की नाही असं एका शब्दात उत्तर देत नाही.

आणि काकूंना हे सांगा की जठरातून अनुभवी हाताने सुई घातली तर कॅन्सर पसरण्याची भीती फार कमी आहे, खरे धोके म्हणजे थोडं रक्त, इन्फेक्शन, पॅन्क्रियाजला सूज, आणि तेही थोड्याच लोकांना. पण काकू एका बाबतीत बरोबर आहेत. पोटाच्या कातडीतून, सोनोग्राफी लावून कोणीही उठून पॅन्क्रियाजच्या सिस्टमधलं पाणी काढायचं नाही. म्यूसिनस असेल तर ते पोटात सांडू शकतं, आणि क्वचित हायडॅटिड म्हणजे कृमीची गाठ निघाली तर जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते. "नुसतं पाणी काढून टाकूया" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

सुई प्रत्येकाला लागतही नाही. पोळ्याचं चित्र स्पष्ट असेल तर नको, सेंटीमीटरभराची निरुपद्रवी सिस्ट असेल तर नको, ऑपरेशन ठरलेलंच असेल तर नको. उत्तराने निर्णय बदलणार असेल तरच सुई. तुमच्या आईच्या बाबतीत एमआरआयनंतरही एमसीएन की सिरस हा पेच राहिला तर सुईचा खरा उपयोग आहे, कारण सिरस निघाला तर तिला घरी पाठवता येईल आणि एमसीएन निघाला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

म्हणून सर्जन आणि फिजिशियन, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सर्जन एमसीएन धरून बोलतायत, एमसीएन काढायचा असाच पूर्वीपासूनचा सल्ला, आणि तो शेपटीत असल्यामुळे ऑपरेशनही त्यातल्या त्यात सोपं, शेपटीचा भाग काढतात, कधी प्लीहा म्हणजे स्प्लीन सोबत जातो, जाणार असेल तर आधी लसी घ्याव्या लागतात हे विसरू नका. फिजिशियन सिरस किंवा फांदीतला आयपीएमएन धरून बोलतायत. आणि युरोपच्या २०१८ च्या नियमांत तर एमसीएनसुद्धा ४ सेंटीमीटरच्या आत, आत गाठ नाही, त्रास नाही असा असेल तर लक्ष ठेवून थांबता येतं असं आहे. माझं मत विचाराल तर ५८ व्या वर्षी तब्येत ठणठणीत असेल, एमसीएन पक्का झाला असेल, तर मी ऑपरेशनकडे झुकेन, कारण नाहीतर वीस-पंचवीस वर्षं दरवर्षी स्कॅन करत बसावं लागेल आणि आपल्याकडे तो स्कॅन कुणी करत नाही हे मी रोज बघतोय. हीच बाई ७८ वर्षांची, हार्टची पेशंट असती तर मी थांबा म्हणालो असतो. गाठ पॅन्क्रियाजच्या डोक्यात असती तर व्हिपल करावं लागतं, ते फार मोठं ऑपरेशन, तिथे निर्णयाचं वजनच बदलतं. कुठलंही असो, पॅन्क्रियाजची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या ठिकाणीच करा, तिथे आणि कधीमधी करणाऱ्या ठिकाणी निकालात खूप फरक असतो. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा.

थांबायचं ठरलं तर ते थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. फांदीतल्या आयपीएमएनसाठी क्योटोच्या नियमांत २ सेंटीमीटरच्या खाली असेल तर सहा महिन्यांनी एकदा आणि मग दीड वर्षाने, २ ते ३ मध्ये असेल तर वर्षभर सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला, ३ किंवा जास्त असेल तर दर सहा महिन्यांनी असं आहे. लोक पहिल्या स्कॅनला येतात, दुसरा लावणीत येतो, मग गणपती, मग चाकरमानी गेले की सोबतीला कोणी नाही, आणि तीन वर्षांनी कावीळ घेऊन येतात. स्कॅनची तारीख मुंबईतल्या मुलाच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा, आईच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. शक्यतो प्रत्येक वेळी एमआरआयच, शक्यतो त्याच सेंटरला. सिस्ट विरघळवणारी कोणतीही पुडी, काढा, पाला अस्तित्वात नाही, मधल्या काळात कोणी देत असेल तर घेऊ नका, आणि आईला विचारून घ्या आधीच काही चालू केलंय का.

आईंचं पोट जड होणं कदाचित या सिस्टमुळे नसेलही, ३ सेंटीमीटरची शेपटीतली सिस्ट बहुतेक वेळा काही जाणवूच देत नाही, त्यासाठी वेगळी साधी तपासणी करून घ्या म्हणजे उगाच जेवणाच्या प्रत्येक घासाला त्या घाबरणार नाहीत. माझ्या पेशंट असलेल्या एका आजींनी महिनाभर नुसत्या पेजेवर काढलेला, येऊन विचारलं, "डॉक्टर, कापूचा लागतला काय?" आणि त्यांना सिरस होता. वजन पाच किलो घटलेलं ते सिस्टने नाही, उपाशी राहून. आईंना मासे-भात नेहमीसारखा खाऊ दे.

आता तुम्ही करायचं एवढंच. सीटीची सीडी मागून घ्या, व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो काढून पाठवलेला कामाचा नसतो. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), सीए १९-९, लिव्हरच्या तपासण्या, क्रिएटिनिन करून घ्या. एमआरआय-एमआरसीपी कॉन्ट्रास्टसकट करा आणि फॉर्मवर डॉक्टरांकडून तीन प्रश्न लिहून न्या: सिस्ट नळीशी जोडलेली आहे का, भिंतीवर कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ आहे का, मुख्य नळी किती मिलिमीटर. रेडिओलॉजिस्टला प्रश्न माहीत असला की तो उत्तर शोधून देतो, नुसतं एमआरआय ॲबडोमेन लिहिलं तर पानभर यकृत-किडनीचं येतं आणि हवी ती ओळ राहून जाते. रिपोर्ट आला की आईंचं नाव-गाव झाकून त्या तीन उत्तरांसकट इथेच लिहा, पुढे सुई लागते का आणि कोणाला दाखवायचं ते त्यावरून सांगतो.